लाखेच्या शिक्क्यातला बूट

सन १९९६, डिसेंबरचा शेवटचा आठवडा. बर्फ गुडघाभर. मी बूट आहे, जोडीतला डावा. उजव्याला बोलायची सवय नाही.

फौजेसाठी बर्फातला नवा बूट घ्यायचा होता. चाचणीसाठी आम्हाला डोंगरावरच्या चौकीत एका हवालदारांच्या पायात घातलं. काही दिवसांतच माझा तळ उसवला. तपासणीचा साहेब खालून वायरलेसवर म्हणाला, "नापास. फेकून द्या."

हवालदारांनी बायकोनं विणलेला मफलर फाडला, मला आवळून बांधलं आणि तसेच डोंगर उतरले.

"शिवण चुकलीय साहेब, बूट नाही. हात लावून बघा, पाय गरम आहे."

माझी शिवण बदलली. मी पास झालो. त्या मफलरचं देणं मात्र माझ्यावर राहिलं.

पास झालेल्या मालाची एक जोडी लाखेचा शिक्का मारून कपाटात ठेवायची, अशी रीत आहे. पुढे येणारा सगळा माल त्या नमुन्याशी ताडून घ्यायचा. ती जोडी आम्ही. खोलीत हीटर होता. हवालदार जुने बूट घालून परत वर गेले.

माल आलाच नाही. आधी भाव ठरेना. भाव ठरला तर मंत्री बदलला. नव्या मंत्र्यानं नवी समिती नेमली. समितीतल्या एकाला मी जड वाटलो. त्यानं मला हातात धरलं होतं, पायात घातलं नव्हतं. बैठकीतला चहा गार झाला की लगेच दुसरा मागवत. वर माणसं गार पडत होती, त्याची घाई कुणालाच नव्हती. शत्रूनं मारलं तर समजू शकतो. हे आपले होते, आणि रोज वेळेवर घरी जात होते.

पुढच्याच हिवाळ्यात जुन्या बुटात गारठून काळी पडलेली हवालदारांच्या डाव्या पायाची तीन बोटं कापावी लागली. फौजेतून सुटल्यावर ते दरवर्षी थंडीच्या तोंडावर कचेरीत यायचे, लंगडत.

"साहेब, बुटांचं काय झालं?"

"काका, फाइल फिरतेय."

"फिरणारच. माझी बोटं तिलाच लावलीत वाटतं."

साहेब हसला. हवालदार हसले नाहीत.

मग त्यांचा मुलगा फौजेत गेला आणि त्याच चौकीवर त्याची नेमणूक झाली. त्याच वर्षी समितीनं ठरवलं की नमुना फार जुना झाला, तो बाद करा, नवा मागवा, नव्यानं चाचणी घ्या. एकही जोडी खरेदी न होता मी जुना झालो. शिक्का फोडून आम्हा दोघांना भंगारात टाकत होते, तेव्हा हवालदार दारातच उभे होते.

"बाद झाला ना? मग मी नेतो."

"काका, जुनाट आहे तो."

"चार दिवस घातलाय फक्त. जुनाट तुमची खुर्ची झालीय."

साहेब खिडकीकडे बघत म्हणाला, "न्या."

बापलेकांचं माप एकच. हवालदारांनी मला चरबी चोळली, तळ नवा बसवून घेतला आणि पोराबरोबर वर धाडलं. चौकीत बाकी सगळ्यांच्या पायात तेच जुने बूट होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी माझा एक पाय सांभाळला. शिवण हलू दिली नाही.

बर्फ वितळल्यावर पोरगा रजेवर आला. हवालदार उंबऱ्यातच बसले होते.

"बूट काढ. मोजेही."

"बाबा, आत तर येऊ द्या."

"काढ आधी."

त्यांनी एकेक बोट चिमटीत धरून मोजलं. सगळी होती.

मफलरचं देणं फिटलं.