कामशेतात बैल वाचला

"बैल घरी येतो, हाच शेवट," अंबाजी टेबलावर थाप मारून म्हणाला. "समद्या मावळानं बघितलाय."

"आबा, बैल मरतो," आसावरी म्हणाली.

कामशेतच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत एकच गलका झाला. लोणावळ्याहून आलेली ही मास्तरीण गोष्ट कशी रचतात ते शिकवत होती. सगळ्यांच्या ओळखीचा म्हणून तिने जुना बैलाचा सिनेमा घेतला होता. फळ्यावर लिहिलं होतं: पात्रं, ठिकाण, पेच, शेवट. पात्रं म्हणजे गडी आणि त्याचा बैल. ठिकाण माळावरचं गाव. पेच असा, की गडी तुरुंगात आणि बैल पाटलाच्या दावणीला. इथवर एकमत होतं. गाडं अडलं ते शेवटाशी.

मागच्या खुर्चीवर श्रीपती अंग चोरून बसला होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कामशेतच्या तंबूत सिनेमाचं मशीन तोच चालवायचा. खेळाआधी चालवून बघताना शेवटचं रीळ जळालं. बाहेर रांग कार्ल्यापर्यंत पोचलेली. मालक म्हणाला, "नाहीतरी शेवटी बैल मरतोच, दुसरं काहीतरी जोड." मग श्रीपतीने पहिल्या रिळातला, बैल चरून घरी येतो तो तुकडा कापला आणि शेवटाला जोडला. त्यामुळे गडी तुरुंगातून सुटतो तेव्हा हातभर दाढी, आणि लगेच बैलाच्या गळ्यात पडतो तो गुळगुळीत!

कामशेतला त्यात काही खटकलं नाही. बैल भेटला, त्या आनंदात दाढी केली. त्या आठवड्यात बाजारातल्या न्हाव्याला जेवायला सवड मिळाली नाही, आणि पवनेकाठच्या एका बुवांनीसुद्धा जटा उतरवल्या म्हणतात.

पण श्रीपतीचा जीव अडकला होता शेजारच्या खुर्चीत, बायकोपाशी. लग्नाआधी लीला तो खेळ सात वेळा बघून गेली होती. सातव्या वेळी तिने मशीनच्या खिडकीत येऊन विचारलं, "बैल खरंच येतो न्हवं घरी?" श्रीपती छातीवर हात ठेवून "व्हय" म्हणाला. संसाराची सुरुवातच थापेने झाली, आणि ती थाप आता या मास्तरणीच्या हातात होती.

"तुमची कापी डुप्लिकेट असंल, बाई," अंबाजी म्हणाला.

"दाखवतेच," म्हणत आसावरी प्रोजेक्टरची वायर जोडू लागली.

"थांबा!" श्रीपती उठला. "बाईंचं खरं हाय. बैल मी जगवला." आणि जमिनीकडे बघत त्याने सगळं सांगून टाकलं.

"आरं चोरा!" अंबाजी ओरडला. "त्या बैलापायी मी दाढी काढली, ती पुन्ना धड आलीच न्हाई!"

खोली हसली. श्रीपती वळला. "लीले, फशिवलं मी तुला."

"कुटलं काय!" लीलाबाई म्हणाल्या. "तळेगावात मावशीकडं बघितला व्हता मी आदीच. तितं मेला. दोन दीस जेवले न्हाई. मग कुनी सांगितलं, कामशेतात वाचतो. म्हनून आलते."

"मग खिडकीत इचारलंस कशाला?"

"तुमी काय सांगता ते बघाया."

श्रीपती परत तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. आसावरीने हळूच विचारलं, "मग शेवट लावू, की राहू दे?"

"लावा," लीलाबाई म्हणाल्या. "रीळ जळालं, ह्यांचा बघायचा ऱ्हायलाय."

पडद्यावर माळ उजळला. बैलाने मान टाकायच्या आत लीलाबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला आणि दुसऱ्या हाताने श्रीपतीचं मनगट घट्ट धरलं. तो मात्र पापणी न हलवता बघत राहिला.