थांबवलेला डोस

नर्स हर्षा सकाळच्या ड्यूटीवर आली तेव्हा सौरवचा ताप उतरलेला नव्हता. कळमन्याच्या मार्केटमध्ये संत्र्यांच्या अडतीवर बसणारा हा तरुण मूत्रपिंडाच्या संसर्गामुळे आदल्या दिवशी धरमपेठेतल्या तिच्या दवाखान्यात भरती झाला होता. भरतीआधीच केलेल्या लघवीच्या तपासणीत साध्या औषधांना दाद न देणारे जंतू निघाले, म्हणून डॉक्टर सुहासिनींनी मेरोपेनेम सुरू केलं होतं. एकाच वेळी अनेक तऱ्हेच्या जंतूंवर चालणारं हे जोरदार अँटिबायोटिक. कालपासूनचे डोस गेले होते, पुढचा हर्षानं द्यायचा होता.

ती ट्रे घेऊन खोलीत गेली. सौरवची आई, कन्हानच्या रंभाबाई, ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसत होत्या. खिडकीपाशी वैभवी आणि तिचे वडील मनोहरराव उभे होते. वैभवीचं सौरवशी लग्न ठरलं होतं, पत्रिका छापायला गेल्या होत्या.

सौरवनं चहाचा कप उचलला आणि त्याचा हात असा झटकला गेला की सगळा चहा चादरीवर सांडला.

"तापानं हात कापून राहिले त्याचे," रंभाबाई लगेच म्हणाल्या.

तापाची हुडहुडी हर्षानं खूप पाहिली होती. ही तशी नव्हती. एकच झटका, खांद्यापासून आलेला. तिनं ट्रे खाली ठेवला.

"घरी कोणती गोळी सुरू आहे का? बीपीची, फिटची, कशाचीही?"

"काही नाही. भरती करताना सांगितलं ना आम्ही."

सौरवनं मान भिंतीकडे वळवली. हे पाहुण्यांसमोर विचारायला नको होतं, हे हर्षाच्या तेव्हा लक्षात आलं. अंग पुसायचं निमित्त काढून तिनं वैभवीला आणि मनोहररावांना बाहेर पाठवलं, दार लावलं आणि पुन्हा विचारलं.

"माह्या पोराले काही नाही वं बाई," रंभाबाईंचा आवाज चढला. "तू औषध लाव. ताप चढून राहिला त्याले."

हर्षानं औषध लावलं नाही. फिट येऊ नये म्हणून अनेक जण व्हॅलप्रोएट नावाची गोळी घेतात. मेरोपेनेम दिलं की त्या गोळीचं रक्तातलं प्रमाण भराभर घसरतं. गोळी न चुकता घेतली तरी उपयोग होत नाही, आणि फिट येऊ शकते. हे तिला ठाऊक होतं. पण इथे गोळी आहे हे कोण सांगणार?

तिनं पलंगाचे कठडे वर केले आणि डॉक्टरांना फोन लावला.

"मीही विचारलं होतं, नाहीच म्हणाले," सुहासिनी म्हणाल्या. "पण तुला झटका दिसला ना? मग डोस थांबव. मी निघालेच आहे. त्याला एकटं सोडू नकोस."

हर्षा पलंगाशी उभी राहिली. डॉक्टरांना यायला किती वेळ लागणार कोण जाणे. ती नाडी बघायची, दाराकडे बघायची, पुन्हा नाडीवर बोट ठेवायची. ताप वाढत होता. झटका खरंच तापाचा असेल तर? संसर्ग रक्तात पसरायला वेळ लागत नाही, आणि औषध तिनंच अडवून धरलं होतं.

"काहून थांबली तू?" रंभाबाई तिच्या अंगावर आल्या. "पोराचं काही बरंवाईट झालं तर?"

"त्याच भीतीनं थांबले, काकू," हर्षा म्हणाली. मग सौरवकडे वाकून म्हणाली, "मी बाहेर कोणाले सांगणार नाही. फक्त डॉक्टरांना सांगीन. पण मले खरं माहीत पाहिजे."

सौरवचा हात पुन्हा उडाला. या वेळी त्यानंही तो पाहिला.

"खातो मी गोळी," तो म्हणाला. "कॉलेजपासून. फिटची."

"सौरव!"

"बस कर ना आई आता."

रंभाबाई खुर्चीत बसल्या आणि पदर तोंडावर धरून रडायला लागल्या. थोड्या वेळानं त्यांनी कमरेच्या बटव्यातून गोळ्यांची पट्टी काढून हर्षाच्या हातात दिली. व्हॅलप्रोएटच होती.

डॉक्टर आल्या. मेंदूविकारतज्ज्ञांशी फोनवर बोलून त्यांनी मेरोपेनेम बंद केलं, तपासणीच्या रिपोर्टप्रमाणे लागू पडणारं दुसरं अँटिबायोटिक लिहिलं आणि फिट अडवायला वेगळं इंजेक्शन सुरू केलं. ते शिरेत जाईपर्यंत हर्षा जागची हलली नाही.

ती बाहेर येताच वैभवीनं तिला गाठलं. "सिस्टर, काय झालं? इतका वेळ दार काहून बंद होतं?"

या मुलीला कळायला हवं, असं हर्षाला आतून वाटत होतं. पण शब्द दिला होता.

"ते सौरवलेच विचार," ती म्हणाली.

वैभवी आत गेली. सौरवनं तिला स्वतःच सांगितलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. वडिलांना म्हणाली, "चला बाबा," आणि दोघं निघून गेले. लग्न पुढे ढकलल्याचा मनोहररावांचा निरोप संध्याकाळीच आला. रंभाबाईंनी त्यानंतर हर्षाशी बोलणं सोडलं.

झटके थांबले. फिट आली नाही, तापही हळूहळू उतरला. हर्षाला मात्र घरी जेवणाच्या ताटावरही चैन पडत नव्हतं. आपण एक जीव सांभाळला की एक लग्न मोडलं, हे तिला कळेना.

सौरवला दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी वैभवी एकटीच आली. पलंगापासून लांब खुर्ची ओढून बसली.

"बिमारीचं मले काही नाही," ती म्हणाली. "माह्या काकूले पण फिट येतात. तू खोटं बोलला, त्याचा राग आहे."

"आता काय करशील?" सौरवनं विचारलं.

"माहीत नाही. आज बसते."

हर्षानं सलाईन तपासलं आणि ती बाहेर पडली. तिच्या मागोमाग रंभाबाई व्हरांड्यात आल्या.

"त्या औषधाचं नाव सांग वं एकदा," अखेर त्या म्हणाल्या. "हळू सांग. पुढं कोण्या दवाखान्यात गेलो तर मले सांगता आलं पाहिजे."

"मेरोपेनेम," हर्षा म्हणाली. "आणि या नावाच्याही आधी, तो फिटची गोळी खातो, हे सांगायचं."

"मेरो... पेनेम," रंभाबाई म्हणाल्या. नीट जमेपर्यंत त्या म्हणत राहिल्या.