एकतीसनंतरची एक तारीख

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. पण नुसती गाडी म्हटलं तर माझ्या पोटातली शेगडी रागावेल. माझ्यात एक पलंग होता, एवढंसं बेसिन होतं, पाण्याची टाकी होती आणि खिडक्यांना निळ्या ठिपक्यांचे पडदे होते. कागदोपत्री मला कॅम्पर व्हॅन म्हणत. आमच्या गल्लीत म्हणत, 'ते धूड'.

आधी मी एका कंपनीची सतरा सीटांची बस होते. नाहूरहून साकीनाक्याला रोज माणसं न्यायची आणि आणायची. अकरा वर्षं सहदेव परबांनी मला चालवलं. माणसं ओळखायला मी तेव्हाच शिकले. जो रोज उशिरा येतो, तोच "चला हो, किती थांबायचं" म्हणून ओरडतो. खिडकीसाठी जो भांडतो, तो बसल्या बसल्या घोरायला लागतो.

सहदेव निवृत्त झाले, त्याच वर्षी कंपनीने मला काढायचं ठरवलं. त्यांनी मला विकत घेतलं ते बायकोसाठी. प्रेमावहिनींचं माहेर कोकणात, आचऱ्याला. आईवडील गेले आणि भावाने घर विकलं. एका संध्याकाळी वहिनी माझ्या पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "माका एकच रात थंय निजाचा आसा. लॉजात नाय हां. आपल्या घरात."

"घर खंय आसा तुझा थंय आता?"

"मग घर घेवन जावया."

सहदेव हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला साकीनाक्याला अंबादास मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये नेलं. अंबादासने सीटा उपटल्या, पलंग ठोकला आणि वर छाती फुगवून सांगितलं, "वहिनी, घाटात ब्रेक मारला ना, तर साहेब पुढे जातील, पलंग नाही जाणार." मी गल्लीत परतले तेव्हा मला बघायला रांग लागली होती. पोरांनी पलंगावर उड्या मारल्या, बायकांनी बेसिनचा नळ सोडून बघितला. तेवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

आता निघायचं, एवढंच बाकी होतं. पण मित्रांनो, माणसं निघायच्या आधी फार तयारी करतात. पहिल्यांदा पडदे शिवायचे राहिले. मग महामार्ग खणलेला होता. मग त्यांच्या लेकीचं, प्रांजलचं बाळंतपण आलं. आणि मग वहिनींच्या किडन्यांनी दगा दिला. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवायचं. लांब कुठे जायचं म्हणजे दोन मशीनांच्या मधल्या सुट्टीत.

दरम्यान गल्लीत माझ्यावरून महाभारत चालू होतं. आमच्या बिल्डिंगच्या कमानीतून मी आत मावत नव्हते, म्हणून रस्त्यावरच असायची. समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्र गुप्ते यांनी टेप लावून मला मोजलं. "परब, ही राहायची गल्ली आहे. आग लागली तर बंब तुमच्या टपावरून जाणार का?" खोटं कशाला बोलू, म्हणणं बरोबर होतं. गल्लीचा तिसरा हिस्सा मी एकटी खात होते.

गुप्त्यांनी चौदा अर्ज केले. शेवटी पाट्या लागल्या. विषम तारखेला गाड्या आमच्या बाजूला, सम तारखेला त्यांच्या. उलट बाजूला दिसली की उचलणार. गंमत अशी झाली की, सम तारखेला मी बरोबर गुप्त्यांच्या बाल्कनीखाली येऊन बसायला लागले. माझ्या टपाकडे बघतच त्यांना सकाळचा चहा प्यावा लागे.

तर मित्रांनो, माझा रोजचा प्रवास ठरला. सकाळी निघायचं, नाक्यावरून वळायचं आणि समोरच्या कडेला लागायचं. मशीन नसेल त्या दिवशी वहिनी नीट साडी नेसून पुढच्या सीटवर बसत.

"पोचलव?" गाडी थांबली की त्या विचारत.

"पोचलव गो."

"गाव बदललेलो दिसता."

"गुप्त्यांचो गाव ह्यो. हंय मासे गावत नाय."

वॉचमन सीताराम खो खो हसायचा. एकतीस तारखेनंतर एक तारीख आली की मात्र वहिनींचा चेहरा उतरे. दोन्ही विषम, मग गाडी हलवायची गरजच नाही. "आज गाडी सुटाची नाय," म्हणून त्या वर निघून जात.

मागच्या जानेवारीत वहिनींना ताप भरला आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. आठ दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "आता ठीक आहे. एक तारखेला घरी न्या. दोनचं मशीन झालं की दोन दिवस मोकळे आहेत. जाऊन या कुठे जायचं ते." बसून बारा तास वहिनींना झेपले नसते, पण आडवं पडून झेपणार होतं. म्हणजे माझ्यातूनच. सहदेव त्या रात्री धावत आले, माझी टाकी भरली, पलंगावर धुतलेली चादर घातली.

दवाखान्याच्या त्या दिवसांत मला कोण हलवत होतं, सांगू? खुद्द गुप्ते! सहदेव किल्ली घेऊन त्यांच्याच दारात गेले होते.

"तारखा माझ्यावर सोडा, परब," गुप्ते म्हणाले होते. "ती पाटी मी लावून घेतलीय."

"म्हणूनच तुमच्याकडे आलो, साहेब."

घाम पुसत, सीतारामला पुढे मागे नाचवत गुप्ते रोज सकाळी मला वळवत. एकोणतीस, तीस, एकतीस. हात बसला होता. एक तारखेला चहा झाल्यावर ते त्याच सवयीने खाली आले आणि त्यांनी मला आपल्या बाल्कनीखाली आणून लावलं. मी गुरगुरले, एकदा बंदही पडले. पण गाडीचं कोण ऐकतं?

अकरा वाजता टोइंगवाले आले. भोंग्यावर माझा नंबर पुकारला. गुप्ते वर दाढी करत होते. आवाज ऐकून खूश होऊन म्हणाले, "उचला, उचला! त्याशिवाय शिस्त लागणार नाही लोकांना."

त्यांच्या पत्नी पद्मजाकाकू बाल्कनीत धावल्या. "अहो, परबांची गाडी नेतायत!"

अर्ध्या दाढीला साबण घेऊन गुप्ते जिना उतरले. तोवर मी नाक्यापलीकडे गेले होते.

दोन तारखेला वहिनींना मशीनवर सोडून सहदेव गाड्या ठेवतात त्या मैदानात आले. माझ्या पीयूसीची मुदत संपली होती. आजारपणात कोण बघणार? कागद अडला. पुढचा दिवस सुट्टीचा. मी सुटले चार तारखेला, दुपारी. वहिनींचे दोन मोकळे दिवस मैदानातल्या धुळीत गेले.

गल्लीत आल्यावर वहिनी खाली उतरल्या, माझ्या दाराला धरून उभ्या राहिल्या. गुप्ते समोर मान खाली घालून उभे होते. त्यांना त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो. पुढच्या आठवड्यात जातलव."

सात तारखेला पहाटे वहिनी गेल्या. मी तेव्हा योग्य बाजूला उभी होते.

बाराव्यानंतर गुप्ते माझ्या आत आले. सहदेव पलंगाच्या कडेला बसले होते.

"परब, मला काहीतरी बोला. शिव्या द्या."

"तुम्ही मुद्दाम केलंत काय, साहेब?"

"चला, आपण दोघं जाऊ आचऱ्याला. मी येतो. उद्या निघू."

सहदेवांनी चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. "सासुरवाडीला जावई एकटा जातो काय हो?"

गुप्ते पलंगाच्या दुसऱ्या कडेला टेकले आणि तिकडची सुरकुती त्यांनी सारखी केली.

महिनाभराने सहदेवांनी मला गोरेगावच्या एका माणसाला विकलं. आता माझ्यात आरसे आहेत, आरशांभोवती दिवे आहेत. नटमंडळी येतात, रंग लावतात, चहा थंड म्हणून कुरकुरतात. स्टुडिओच्या फाटकाबाहेर मी ओळीत उभी असते. पडदे नवे आहेत, काळे.

मित्रांनो, गल्लीतली पाटी नक्की वाचत जा. गुप्त्यांचा नियम चांगला होता आणि माझ्यासारख्या धुडांना लागतोही. पण तुमच्या घरात कुणी एखाद्या गावाचं नाव वरचेवर घेत असेल, तर त्या माणसाला आजच विचारा, कधी निघायचं? आणि त्याने उत्तर दिलं की निघा. आमच्यासारखी तीन वर्षं तयारी करू नका.

माझं इंजिन अजून ठणठणीत आहे. आचऱ्याचा रस्ता मात्र मी पाहिलेला नाही.