तो मुलगा उठून काय बोलला

“तर मेलेला पोरगा तिरडीवरच उठून बसला, आणि बोलायला लागला,” म्हातारे वैद्य सांगत होते. “लिहिलंस?”

अम्मियाचा बोरू मध्येच थांबला होता.

अंत्युखिया शहरातल्या प्रभूच्या, म्हणजे ख्रिस्ती, मंडळींमध्ये वैद्यांना सगळे बाबा म्हणत. प्रभूला पाहिलेली माणसं एकेक करून मरत चालली, तेव्हा गावोगाव हिंडून बाबांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या होत्या. आता त्यांचे डोळे गेले होते. म्हणून ते सांगत आणि अम्मिया लिहून घेई. ती लेखनिकाची मुलगी, अक्षर मोत्यासारखं. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा झेनास दहाव्या वर्षी तापानं गेला. उपचार बाबांचेच होते. त्याला सात वर्षं झाली.

आज गोष्ट निघाली होती गालील प्रांतातल्या एका विधवेची. तिच्या एकुलत्या एका मुलाची तिरडी वेशीबाहेर निघाली होती, ती प्रभूनं अडवली.

“काय बोलला तो?” अम्मियानं विचारलं.

“कोण?”

“मुलगा. उठल्यावर.”

“ते कुणी सांगितलं नाही, पोरी. सांगणाऱ्यांना आठवत नव्हतं.”

“त्याच्या आईला विचारायचं होतंत. तिला आठवलं असतं.”

“ती केव्हाच वारली होती गं.”

“माझा झेनास शेवटी पाणी मागत होता,” अम्मिया म्हणाली. “ताप उतरेपर्यंत घोटभरही देऊ नको, असं तुम्ही बजावलं होतंत. मी नाही दिलं.”

सात वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली.

“आम्हाला तसंच शिकवलं होतं,” बाबा म्हणाले. मग, “द्यायला हवं होतं. पोराला पाणी द्यायला हवं होतं.”

“ओठ फुटले होते त्याचे.”

“राहू दे हे. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेईन मी.”

“कशाला? तिचा तर उठला ना,” अम्मिया म्हणाली. “बोला. पुढं काय झालं?”

पुढचं वाक्य बाबांच्या तोंडून लवकर निघेना. प्रभूनं मुलाला आईच्या हवाली केलं, एवढंच ते होतं. अम्मियानं ते पुरतं ऐकून घेतलं, आणि ‘आईच्या हवाली’ हे शब्द नेहमीसारख्याच सरळ, सुबक अक्षरांत लिहिले.