आखाजीसाठी जपलेले हात

सिंधू मला आठवते ती वासातून. कार्बोलिक साबणाचा उग्र दर्प, आणि त्याखाली धुळ्याच्या उन्हात सुकत गेलेल्या कातडीचा कोरडा गंध. नर्सिंगच्या शिक्षणाच्या त्या वर्षांत आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. क्षयाच्या वॉर्डातून परतली की ती कोपरापर्यंत हात धूत बसे. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगटं, सारं देवाची उपकरणी घासावीत तितक्या निगुतीनं. वैशाखात त्या हातांना भेगा पडत, रक्त येई, तरी साबण सुटत नसे.

उकाड्यानं हैराण होऊन आम्ही मास्क हनुवटीवर ओढायचो. ती कधीच नाही. तिचा चौपदरी जाळीचा मास्क रोज उकळला जाई. कुणाला खोकल्याची उबळ आली की ती मान जराशी वळवी, पण त्याच्या पाठीवरचा हात काढत नसे. आम्ही तिला ‘सोवळ्या बाई’ म्हणून चिडवायचो. ती हसून म्हणे, “आखाजीला माहेरी जायचंय मला. भावाची लेकरं थेट मांडीत येऊन बसतात गं.”

अक्षय्य तृतीयेला, तिच्या खानदेशच्या आखाजीला, त्या वर्षी तिनं मलाही धरणगावाजवळच्या आपल्या गावी नेलं. निघण्याआधी तिनं हट्टानं छातीचा फोटो काढून घेतला होता. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून छाती निर्मळ असल्याचं सांगितलं होतं. बसच्या खिडकीतून झळा येत होत्या आणि ती झोक्यावरची गाणी गुणगुणत होती.

घरात आमरसाचा दरवळ होता. पंगतीत पितळी ताटं मांडलेली, आणि पार उंबऱ्यापाशी टवके उडालेल्या इनॅमलच्या दोन थाळ्या. तिची आई खाली बघत म्हणाली, “राग नको मानजो, बेटी. तुनं ताट न्यारं मांडेल शे. घरमा धाकला पोरे शेतस ना.”

“माय, मी कोठे आजारी शे?”

भावजयीनं धाकट्याला पदराआड ओढलं. मी परकी, मला त्या थाळीचं काय! पण सिंधू तिथंच बसून जेवली, मग चुलीवरचं उकळतं पाणी मागून तिनं आपली थाळी आपणच धुतली आणि वॉर्डात रोग्यांची ठेवतो तशी वेगळी पालथी घातली. त्या पालथ्या थाळीची आठवण झाली की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

संध्याकाळी लिंबाला झोका बांधला होता. गावातल्या लेकीबाळी समोरासमोर उभ्या राहून दोघी दोघी झुलत होत्या. सिंधू चढली तेव्हा तिच्यासमोर कुणी येईना. शेवटी मीच चढले, पण मला त्यांची गाणी येत नव्हती.

पुढं प्रत्येक आखाजीला तिनं ड्यूटी मागून घेतली. हात मात्र तसेच धूत राहिली. “आता कुणासाठी जपतेस?” असं मी एकदा विचारलं. तिनं ओला मास्क पिळला, दोरीवर टाकला आणि ती आत निघून गेली.

तिच्या छातीच्या फोटोत अखेरपर्यंत क्षयाचा डाग उमटला नाही. ती गेली त्यालाही आता बराच काळ लोटला. पण वैशाखाच्या झळा सुरू झाल्या की मला दोरीवर एकटाच झुलणारा तो पांढरा मास्क दिसतो, आणि झोक्यावरची तिच्यासमोरची जागा अजून रिकामीच असते.