दीड बोट सोडून काप

मित्रांनो, मी एक जुना कागदी फर्मा आहे, आणि मी चुकीचा नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगतो, कारण या थंडीत माझ्यावर भलताच आळ आला.

फर्मा म्हणजे कापड कापताना ज्याच्या कडेनं खडूची रेघ मारतात तो कागद. आमच्या धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या अनुसयाबाई शिवणकाम करत. त्यांनी जाड खाकी कागदातून मला कापलं ते आपल्या आठ वर्षांच्या लेकीसाठी, प्रेमिलासाठी. कोटाची पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर आणि दोन खिसे. शेजारीण म्हणाली, "पोरीले कोट कायले वं? भावाचा जुना स्वेटर हाय ना!" अनुसयाबाई फाडकन बोलल्या, "थंडी का पोरगा-पोरगी पाहून वाजते?" वा! अजून आठवलं की माझी छाती फुगते.

मग धानाची कापणी उरकली की बाजाराच्या दिवशी आया पोरींना घेऊन दुकानात येऊ लागल्या. कोट झाला की अनुसयाबाई माझ्या पाठीवर त्या पोरीचं नाव लिहायच्या. एकोणचाळीस नावं झाली. पुढे रेडिमेड जॅकेटं आली आणि मी खिळ्यावर लटकलो. धूळ खाल्ली, पाली अंगावरून गेल्या. तेही सोसलं.

यंदा प्रेमिलाची लेक भूमिका आठ वर्षांची झाली. सकाळच्या शाळेला ती बापाच्या मोटारसायकलवर मागे बसून जाते. खोकून खोकून पोरगी बेजार झाली. अनुसयाबाईंची नजर आता अधू झाली आहे. त्यांनी आपली निळी लोकरी शाल प्रेमिलाला दिली. "माझ्या अंगावर काय कामाची? पोरीचा कोट शिव," म्हणाल्या. घरात लोकरीचं दुसरं चांगलं कापड नव्हतं.

आता दुकान प्रेमिलाच चालवते. तिनं मला शालीवर पसरलं आणि माझ्या कडेकडेनं सरळ कात्री चालवली! अगं बाई, थांब! पण कागदाचं ऐकतो कोण? शिलाईत दाबायला जास्तीचं कापड लागतं, त्याला माया म्हणतात. अनुसयाबाईंच्या फर्म्यात ती धरलेली नसते. कापताना बोटांनी मोजून कडेबाहेर सोडायची, ही त्यांची रीत. प्रेमिला शिकली शिवणक्लासात. तिथल्या फर्म्यात माया आधीच धरलेली. मग विचारायला नको?

कोट झाला. भूमिकानं घातला, तर बटण लागेना, हात वर होईना. पोर रडकुंडीला आली. आणि प्रेमिला काय म्हणाली? "माय, तुझा फर्माच चुकीचा हाय! कचरा हाय नुसता!" असं म्हणून तिनं मला सरपणावर फेकलं. जिच्यासाठी मी जन्मलो, तिनं! नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

मी उलटा पडलो होतो. भूमिका त्याच आवळलेल्या कोटात वाकली आणि माझी पाठ मोठ्यानं वाचू लागली. "दीड बोट सोडून काप. पहिला कोट, प्रेमिला. मम्मी, हे तुझं नाव हाय का?"

प्रेमिलानं मला सरपणावरून उचललं.

"काऊन वं, पालटून पाहाले हात दुखत होते?" अनुसयाबाई कडाडल्या. "मले तरी विचाराचं होतं!"

"चुकलं माय माझं."

कापलेली शाल काही परत वाढत नाही. प्रेमिला उठली आणि पेटीच्या तळातून एक लहानसा लाल कोट काढला. तिचाच, माझ्यावरून कापलेला पहिला. अर्ध्याला कसर लागली होती. उरलेल्या चांगल्या भागातून तिनं लांब पट्ट्या कापल्या, या वेळी दीड बोट सोडून, आणि निळ्या कोटाच्या काखेखाली व बाह्यांना जोडल्या. दुसऱ्या सकाळी भूमिका सगळी बटणं लावून, दोन्ही हात खिशात घालून दारात उभी होती.

माझा राग गेला का? नाही, पुरता नाही! मित्रांनो, जुन्या वस्तूला कचरा म्हणण्याआधी ती एकदा पालटून पाहा. वापरायची रीत माहीत नसेल, तर ज्यांनी ती वस्तू घडवली त्यांना विचारा. लाज कसली त्यात?

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे, पाठ बाहेर करून. चाळिसावं नाव भूमिकाचं आहे. ते प्रेमिलानं लिहिलं, आणि त्याखाली मी सांगितल्याशिवायच लिहिलं, "फर्मा बरोबर हाय."