केरबाच्या घरचं कुत्रं

बनुबाईनं हरणीचं डोकं दोन्ही गुडघ्यांत आवळून धरलं, जबड्यात उलथन्याचा दांडा आडवा घातला आणि मिठाचं पाणी तांब्यानं तिच्या घशात ओतलं. निम्मं बाहेर आलं. कुत्रीचे चारही पाय काठीसारखे ताठ झाले होते. अंगाला जरा हात लागला, की डोक्यापासून शेपटापर्यंत झटका जात होता. बनुबाईनं आणखी एक तांब्या ओतला, मग ताकाचा. उन्हं अंगणात उतरली तेव्हा हरणीचा श्वास थांबला होता, तरी ती तिची छाती चोळतच होती.

कुंपणापाशी गूळ लावलेल्या भाकरीचा तुकडा पडला होता. आत कुचल्याचं विष घातलेलं. आतल्या दावणीची चार कुत्री एकदाही भुंकली नाहीत. नुसती उभी राहून बघत होती.

तिनं परड्यात स्वतःच खड्डा खणला. वैशाखाची जमीन, कुदळ ठणाठणा वाजत होती. तो आवाज गल्लीतल्या सगळ्या घरांना ऐकू गेला असणार. कुणी आलं नाही.

तिचा नवरा केरबा ऐन उमेदीत एका संस्थानाच्या शिकारखान्यात होता. तिथून निघताना त्यानं दोन जोड्या आणल्या. लांब तोंडाची, पातळ कमरेची कारवानी कुत्री. सशामागं सुटली की माळावर नुसती रेघ ओढल्यासारखी दिसायची. विट्याच्या पुढच्या ह्या फुफाट्याच्या गावात पंचवीस वर्षं पार जतपासून माणसं पिल्लू मागायला यायची. ‘केरबाच्या घरचं कुत्रं’ एवढं सांगितलं की पुढं कुणी काही विचारत नसे. केरबा तापानं गेला तेव्हा लोकांना वाटलं, बाई आता कुत्री विकून भावाकडं जाईल. बनुबाई गेली नाही. कुठल्या मादीला कुठला नर द्यायचा हे तिला नवऱ्याइतकंच कळत होतं. पिल्लं अकरा दिवसांची झाली की डाव्या कानाच्या टोकाला चीर द्यायची, ही केरबाची रीतही तिनं मोडली नाही.

आणि ह्या फाल्गुनात कडेगावजवळच्या वाडीत नानासोंची सहा वर्षांची नात गेली. घरचं कुत्रं पिसाळलं होतं. पोरीच्या हाताला नुसता दात लागला, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दीड महिन्यानं पोर पाण्याला भिऊ लागली आणि तिसऱ्या दिवशी संपली. दहाव्याला नानासो एवढंच म्हणाले, की कुत्रं केरबाच्या घरचं होतं.

तिथून बोलणं चालत निघालं. विट्याच्या बाजारात ते ‘बनुबाईच्या कुत्र्यांच्या रक्तातच पिसाळ हाय’ असं झालं. पुढच्या बाजारी ते हरणीच्या दुधात उतरलं. मग बाईला सगळं ठाऊक असून ती पिल्लं विकते असं झालं, आणि शेवटी केरबासुद्धा तापानं नव्हे, पिसाळानंच गेला असं लोक शपथेवर सांगू लागले. सांगलीकडच्या जिनपाल नावाच्या बागाईतदारानं दोन पिल्लं सांगून ठेवली होती; त्याचा नको म्हणून निरोप आला. कुणीतरी तीन वर्षांचा नर पहाटे तिच्या फाटकाला बांधून तोंड न दाखवता निघून गेला. तो नर दोन दिवस रस्त्याकडं बघत बसला, पाण्यालाही तोंड लावलं नाही. पाण्याला तोंड लावत नाही, हे बघायला मात्र अर्धं गाव कुंपणापाशी येऊन गेलं. तिसऱ्या दिवशी तो घटाघटा प्यायला, तेव्हा बघायला कुणी नव्हतं.

हरणीला पुरलं त्या संध्याकाळी पोलीसपाटील भाऊसो आला. केरबाचा तो लहानपणापासूनचा दोस्त. आज उंबऱ्याच्या आत आला नाही.

“वहिनी, शनवारपतोर कायतरी बघा. न्हाईतर गाव माझं ऐकायचं न्हाई.”

“म्हंजे काय बघू?”

“मारा, न्हाईतर आमी मारतो. माझ्याकडं बंदूक हाय, लय हाल न्हाई व्हायचं.”

“हरणीला कुचला कुणी घातला, ते न्हाई इचारणार?”

भाऊसोनं पटका उगाच सारखा केला.

“कुणाकुणाला इचारू, वहिनी?”

तो गेल्यावर बनुबाई दावणीपाशी बसून राहिली. तिला एकच वाट दिसत होती. घरच्या चांगल्या कुत्र्यालाही पिसाळलेला कोल्हा चावू शकतो, त्यात रक्ताचा संबंध नसतो, हे तिला माहीत होतं. पण गावाला ते सांगून काही उपयोग नव्हता. नानासोंचं कुत्रं मुळात आपलं होतं का, हे मात्र विचारता आलं असतं. कारण कडेगावच्या बाजारात ते कुत्रं बघितलेला एक माणूस बोलता बोलता म्हणाला होता, की त्याचं शेपूट वर वळलेलं होतं. तिच्या घरच्या एकाही कुत्र्याचं शेपूट कधी वर वळलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता ती चालत निघाली आणि ऊन डोक्यावर आलं तेव्हा वाडीत पोचली.

नानासो सोप्यात घोंगडीवर बसले होते. बेचाळीसच्या चळवळीत दीड वर्ष जेल भोगून आलेला माणूस, पण बनुबाईला आठवत होता त्यापेक्षा निम्मा झाला होता. त्यांनी तिला ओळखलं. पण बस म्हणून घोंगडीचं टोकही पुढं केलं नाही. ती उभीच राहिली.

“आवं नानासो, मी भांडाय आली न्हाई. लेकरू गेलं, त्यापुढं माझं काय मोठं न्हाई. पर एक इचारते. त्या कुत्र्याच्या डाव्या कानाला चीर व्हती का?”

“माझी नात गेली,” नानासो म्हणाले, “आन तू मला कुत्र्याचं कान इचारतीस?”

“व्हय, इचारते. शनवारी माझी चार जनावरं मारणार हाईत. मला दुसरं काय इचारता येतंय?”

नानासो बराच वेळ तिच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं बघत राहिले. मग त्यांनी आत हाक मारली. सून दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. शालू तिचं नाव. गेलेल्या पोरीची आई. पदर नाकापर्यंत ओढलेला.

“त्याला खायाला तू घालत व्हतीस,” नानासो म्हणाले. “कानाला चीर व्हती?”

शालूचं बोट चौकटीवरच्या खिळ्याशी फिरत राहिलं.

“व्हती,” ती म्हणाली.

“आन शेपूट?” बनुबाईनं विचारलं. “शेपूट कसं व्हतं, पोरी?”

“ध्यानात न्हाई.”

नानासोंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. बनुबाईला आता तिथं काही काम उरलं नव्हतं.

वाडीच्या बाहेर ओढ्यापाशी ती पाणी प्यायला वाकली, तर मागून पावलं वाजली. शालू घागर घेऊन आली होती. घागर रिकामीच खाली ठेवून ती चार हातांवर उभी राहिली.

“मावशी, मी खोटं बोलले.”

बनुबाई ओंजळीतलं पाणी सोडून उभी राहिली.

“तुमचं पिल्लू आणलं, आन आठ दिवसांत मामंजींना धरून नेलं. जाताना म्हणाले, पोरी, ह्याला संभाळ. हगवण लागून ते त्याच पावसात मेलं. मला काय सुचंना. धनी पुण्याला गिरणीत. सासूबाईंना डोळ्यानं दिसत न्हाई. ओढ्याला एका गावठी कुत्रीची पिल्लं व्हती, त्यातलं त्याच रंगाचं उचलून आणलं.” तिचा आवाज एका पट्टीत चालला होता, दळण दळल्यासारखा. “मामंजी सुटून आले. कुत्रं बघून लय खूश झाले. येईल त्याला दावायचे. मग कसं सांगू? आन माझी हौसा त्याच्या गळ्यात पडल्याबगर झोपत नव्हती.”

बनुबाईचा हात आपोआप वर गेला. मारायलाच गेला होता. शालूनं मान चुकवली नाही, डोळेही मिटले नाहीत. तो हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला आणि खाली आला.

“माझी हरणी मेली,” बनुबाई म्हणाली. “ताठून मेली. ऐकतीस का? लोक मला हिरीवर घागर बुडवू देत न्हाईत. माझ्या मेलेल्या नवऱ्याला सुदिक सोडलं न्हाई लोकांनी. सांग चल सासऱ्याला. आत्ता चल.”

“चला,” शालू म्हणाली.

ती खरंच वळली. घागर तिथंच टाकून वाडीच्या वाटेला लागली, दहाबारा पावलं गेली. बनुबाई तिच्या पाठीकडं बघत राहिली. लुगड्याच्या आत त्या पाठीची हाडं मोजता आली असती. ओढ्याचं कुत्रं घरात आणून पोटची पोर मारली, असं ह्या बाईला उद्यापासून सगळी वाडी म्हणणार होती. नवरा म्हणणार होता. तो तिला घरात ठेवणार नव्हता, आणि ठेवलं तरी ती जगणार नव्हती. समोर ओढा होता आणि पलीकडं विहीर.

“शालू,” तिनं हाक मारली. “घागर घिऊन जा. रिकामी नेऊ नगंस, इचारतील.”

परतीच्या वाटेवर ती विट्याच्या अलीकडं एका पडीक रानात थांबली. तिथं नाथाजी धनगराची मेंढरं बसली होती. पाऊस धरायच्या आत तो जतकडं परतत होता. केरबाकडून त्यानं दोनदा कुत्री नेली होती आणि ह्या सगळ्या बोलण्यात त्याच्या तोंडून कुणी वावगा शब्द ऐकला नव्हता.

“चार हाईत,” ती म्हणाली. “एक मादी गाभण हाय. पैका नगं. घिऊन जा.”

नाथाजीनं तंबाखू मळता मळता विचारलं, “कुणी इचारलं, कुठली म्हणून, तर?”

बनुबाई निघायला वळली.

“सापडली म्हण.”

शुक्रवारी पहाटे नाथाजी आला आणि चारी कुत्री घेऊन गेला. ती त्याच्यामागून सरळ गेली नाहीत. जागोजाग थांबून मागं बघत होती. बनुबाई शेवटी घरात शिरली आणि दार लावून घेतलं, तेव्हा त्यांनी पाय उचलले.

शनिवारी सकाळी भाऊसो बंदूक घेऊन आला. मागं पंधरावीस माणसं. आणि बैलगाडीतून उतरून काठी टेकत नानासो. दावण मोकळी बघून गर्दी बिथरली. कुठं दडवली, म्हणून एकानं दावणीची मेख लाथेनं उपटली. दुसरा म्हणाला, कुत्र्यांत खोट नसती तर लपवली कशाला असती?

“वहिनी,” भाऊसो म्हणाला, “समद्यांम्होरं एकदा सांगा. नानासोंच्यातलं कुत्रं तुमचंच का न्हाई? परवा तुमी वाडीला जाऊन न्हाई म्हणून आलाय म्हणं.”

बनुबाईनं नानासोंकडं बघितलं. ते काठीवर दोन्ही हात ठेवून तिच्याकडं टक लावून बघत होते. तुटायला आलेल्या दाव्याकडं माणूस बघतो, तसं. तिच्या तोंडात ‘न्हाई’ हा शब्द तयार होता. दोन महिने तो तिथं होता.

“माझंच व्हतं,” ती म्हणाली. “केरबाच्या घरचं.”

मागून एक दगड आला आणि तिच्या खांद्याला लागला. ती हलली नाही. दुसरा दगड उचलणाऱ्याच्या मनगटावर नानासोंची काठी पडली.

“थांबा,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण त्यांच्याच घरचं लेकरू गेलं होतं, म्हणून लोक थांबले. “त्याला कोल्हं चावलं व्हतं. पौषात, माझ्या उसाच्या फडात. मी बघितलं. बांधून घालाय पायजे व्हतं, मी घातलं न्हाई. दोष माझा हाय. ह्या बाईच्या कुत्र्यांत खोट न्हाई.”

“मग इतके दीस बोलला न्हाईत, नानासो?” भाऊसोनं विचारलं.

“न्हाई बोललो.”

ते खरं होतं की नाही, बनुबाईला कळलं नाही. तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, पण तिथं काही वाचता येत नव्हतं. माणसं हळूहळू पांगली. जाताना काही जण तिच्याकडं न बघता गेले, आणि एकदोघं अजूनही कुजबुजतच होते. भाऊसोनं उपटलेली मेख परत जमिनीत बसवायचा प्रयत्न केला, ती बसेना, तशी भिंतीला टेकवून ठेवली आणि तोही गेला.

अंगणात दोघंच उरली.

“मला एक पिल्लू पायजे,” नानासो म्हणाले. “बाजाराच्या दिवशी गावातनं उघडं घिऊन जाईन. लोकांनी बघाय पायजे.”

“न्हाईत आता,” बनुबाई म्हणाली. “काल धनगराला दिली. जतच्या वाटंला लागली.”

नानासोंनी बाहेर जाऊन बैल वळवले आणि गाडीतला कडबा हातानं सारखा करून बसायला जागा केली.

“बसा,” ते म्हणाले. “मेंढरं घिऊन माणूस कितीसा लांब गेला असंल?”

ती गाडीत चढली. गावाची शीव मागं पडली. मग बैलांकडंच बघत नानासो म्हणाले,

“शालूनं मला समदं सांगितलं. ती माझ्या घरातच ऱ्हाईल. मी हाय तवर तिला कोण काय म्हणणार न्हाई.”

बनुबाईनं दुखरा खांदा पदराखाली घेतला. पुढं माळ पांढरा फटफटीत पसरला होता, आणि लांब कुठंतरी धूळ उडत होती. मेंढरांची असेल, नाहीतर वाऱ्याची.